दोनशे चाळीसवरचा लाल थेंब

"आवाज जरा दबल्यासारखा वाटत नाही तुला?"

मगदूम आण्णांनी हे मला जवळजवळ ओरडूनच विचारलं. ओरडणं भागच होतं. त्यांच्या माडीवरच्या खोलीखाली अठ्ठेचाळीस माग चालू होते, आणि माग चालू असताना इचलकरंजीत कुणी हळू बोलत नाही. पायाखालची फरशी थरथरत होती.

मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. मी त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून परत आणला होता. विलायती माल, उचलायला दोन माणसं लागायची, पुढून बघावं तर नुसती दोन बटणं आणि एक दिवा. आण्णांच्या मेव्हण्याने तो परदेशातून आणून दिला होता. पहिल्याच महिन्यात तो उडाला आणि आमच्या दुकानात आला. आमच्या गौसचाचांनी आठ दिवस खपून तो उभा केला होता.

त्या वेळी मी चोवीस वर्षांची होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास, आणि तो पहिला वर्ग जगाला दाखवल्याशिवाय चैन पडत नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन दीड वर्ष झालं होतं. 'म्हेत्रे रेडिओज'ची पाटी माझ्या डोक्यावर आली होती, आणि गिऱ्हाईक दारात आलं की आधी माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघायचं. तो पुरुष म्हणजे गौसचाचा. गौस मुजावर. दादांच्या बरोबर त्यांनी सव्वीस वर्षं एका टेबलावर काढली होती. मी त्यांच्या मांडीवर बसून रेडिओची बटणं फिरवलेली. पण दादा गेल्यावर गिऱ्हाइकासमोर ते मला वैजू म्हणेनात. मॅडम म्हणायचे, अहो-जाहो करायचे. लोकांनी मला मालकीण समजावं म्हणून. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तर आण्णांना आवाज दबलेला वाटत होता. मी माझा मुंबईहून मागवलेला डिजिटल मीटर काढला आणि प्लगमध्ये घातला. दोनशे अठरा व्होल्ट. मग अ‍ॅम्प्लिफायर वळवून मागे बघितलं. मागच्या बाजूला लाईट किती आहे त्याप्रमाणे फिरवायचा एक स्विच होता, स्क्रूड्रायव्हरने फिरणारा. एका बाजूला दोनशे वीस लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला दोनशे चाळीस. चाचांनी तो दोनशे चाळीसवर ठेवला होता.

"इथंच गोम आहे, आण्णा," मी म्हणाले. "तुमच्याकडे लाईट येते दोनशे अठरा, आणि मशीन धरून बसलंय दोनशे चाळीस मिळतील म्हणून. ते उपाशी राहिलंय. आवाज दबणारच."

स्विचच्या खाचेवर लाल रंगाचा एक थेंब वाळून घट्ट बसला होता. ती चाचांची सवय. काम पुरं झालं, झाकण बसलं, की ते खणातून चाचीच्या नेलपॉलिशची बाटली काढायचे आणि ज्या स्क्रूला किंवा स्विचला नंतर कुणी हात लावू नये असं वाटे त्यावर एक थेंब ठेवायचे. वर म्हणायचे, "आता ह्याला काय झालं तर नाव माझं." लहानपणी मला वाटायचं ते मशीनला कुंकू लावतात. डिप्लोमा झाल्यावर वाटायला लागलं, हा गबाळेपणा आहे. एवढ्या भारी विलायती वस्तूला कुणी नेलपॉलिश फासतं का? मी तो थेंब स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडला, स्विच दोनशे वीसवर फिरवला आणि म्हणाले, "आता ऐका."

आण्णांनी डोळे मिटून ऐकलं. "हां, आता कसा खुलला," म्हणाले. खरंच खुलला होता का, देव जाणे. मलाही तसंच वाटलं. खाली उतरताना मी दोन दोन पायऱ्या उतरले.

आण्णा गाणं ऐकायचे ते शुक्रवारी. बाकीच्या दिवशी रेकॉर्डवर सुई ठेवायची सोय नव्हती, फरशीच्या हादऱ्याने ती उड्या मारायची. शुक्रवारी त्या पेठेतले सगळे माग सुट्टीला बंद असत. मग सकाळी आण्णांकडे चार-पाच मंडळी जमायची, पोहे व्हायचे, आणि दुपारपर्यंत रेकॉर्ड चालायच्या. आमचं दुकानही शुक्रवारीच बंद. गावाची सुट्टी तीच आमची.

शनिवारी सकाळी शटर वर करतेय तोवर आण्णांची गाडी दारात उभी. बरोबर डॉक्टर शेटे, त्यांच्या बैठकीतले. मागच्या डिकीत अ‍ॅम्प्लिफायर. तो परत उडाला होता.

टेबलावर घेऊन मी झाकण उघडलं. आवाज मोठा करणारे चारही ट्रान्झिस्टर जळून काळे पडले होते. आण्णा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "म्हेत्र्यांच्या दुकानात असं कधी झालं नव्हतं बघ," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. दीड वर्ष मी ज्या वाक्याला भीत होते ते हेच.

तेव्हा बाजारात डुप्लिकेट ट्रान्झिस्टरचा सुळसुळाट झाला होता. वरून छाप बड्या कंपनीचा, आत भलतंच. मी एक जळका ट्रान्झिस्टर उजेडात धरला. छाप पुसट दिसत होता. जळल्यावर कुठलाही छाप पुसटच दिसतो, पण ते तेव्हा मला सुचलं नाही. हे चारही ट्रान्झिस्टर चाचांनी स्वतः मुंबईला जाऊन आणले होते.

चाचा तोवर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि आण्णांना विचारलं, "कुठल्या वारी उडाला?"

"काल. शुक्रवारी."

"वाराचा काय संबंध?" मी मध्येच म्हणाले. "चाचा, हे ट्रान्झिस्टर ओरिजिनल होते का?"

"मॅडम, जरा मागलं बघता का?"

"मागचं-पुढचं नंतर बघू. आधी मला सांगा, डुप्लिकेट घातलेत की नाही?"

चाचांनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला, अगदी सावकाश.

"वैजू," ते म्हणाले, "तुला तसं वाटतंय?"

दादा गेल्यापासून गिऱ्हाइकासमोर मला त्यांनी नावाने हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मला त्याचाच राग आला. "वाटायचं काय त्यात, समोर दिसतंय," मी म्हणाले.

त्यांनी शिसं वितळवायचा स्वतःचा कईया गुंडाळला, दोन स्क्रूड्रायव्हर घेतले, खण उघडून ती नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली आणि पायऱ्या उतरून गेले. ते गेल्यावर डॉक्टर शेटे म्हणाले, "बरं खडसावलंस. धंद्यात असंच पाहिजे." सांगायला लाज वाटते, पण मी ताठ बसले. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी माझ्या मागे पुरुष शोधला नव्हता.

इचलकरंजीत चहाच्या गाड्यावर बोललेलं दोन दिवसांत गावभर होतं. गौस डुप्लिकेट घालतो, मालकिणीनं गिऱ्हाइकासमोर पकडला, असं सगळीकडे झालं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला आतलं काही दिसत नाही. ते माणसाच्या नावावर वस्तू सोडून जातं, आणि नाव गेलं की हातात कितीही कसब असो, फुकट. गणपती दीड महिन्यावर आले होते. दर वर्षी सात मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर चाचांच्या हाताखालून जायचे, मंडळांचे कार्यकर्ते नाव घेऊन त्यांनाच शोधत यायचे. त्या वर्षी चाचा घरात बसून होते आणि त्यांच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. बाजारात एकदा चाची समोरून आली. मला बघून तिने भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दुसऱ्या अंगाने निघून गेली. मी मनाशी म्हणाले, चोराला चोर म्हटलं तर एवढं काय.

मी नवीन ट्रान्झिस्टर मागवले, खात्रीच्या दुकानातून. स्वतः बसवले, स्वतः तपासले. तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी अ‍ॅम्प्लिफायर आण्णांकडे पोचवला, परत मीटर लावला. दोनशे सतरा. डायरीत लिहून ठेवलं. आण्णा म्हणाले, "शुक्रवारी तू पण ये. सगळ्यांसमोर लावू."

शुक्रवारी मी चांगली साडी नेसून गेले. पेठेत शिरले तर कानात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. एकही माग चालू नव्हता. लांबून कुणीतरी पोराला हाक मारली ती स्पष्ट ऐकू आली. माडीवर पाच जण बसले होते, त्यात डॉक्टर होते. मला खुर्ची दिली, पोहे दिले. आण्णांनी रेकॉर्ड लावली, आणि मी तो अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा नीट ऐकला. तंबोऱ्याच्या तारेवरचं बोट ऐकू येत होतं. आण्णांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. दादा असते तर त्यांनी काय केलं असतं, असं माझ्या मनात येत होतं तेवढ्यात वास आला.

फट् असा आवाज झाला, मागून धूर निघाला आणि गाणं बंद पडलं. डॉक्टरांनी पोह्याची बशी खाली ठेवली.

मी उठले, प्लग काढला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मीटर लावला. दोनशे सत्तावन्न. मला वाटलं मीटर बिघडला. दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगला लावला. तिथेही दोनशे सत्तावन्न.

"आण्णा, आज लाईट एवढी जास्त कशी?"

"शुक्रवारी असतीच की," आण्णा म्हणाले. "माग बंद, सगळी लाईन मोकळी. आमचे बल्ब उडतात ते शुक्रवारीच. हे काय नवीन आहे होय?"

त्यांच्या लेखी ते नवीन नव्हतं, त्या पेठेत कुणालाच नव्हतं. मी मात्र आयुष्यात कधी शुक्रवारी मीटर हातात धरला नव्हता, कारण शुक्रवारी दुकान बंद. मी अ‍ॅम्प्लिफायर वळवला. स्विच दोनशे वीसवर होता, मी ठेवला तिथेच. खाचेत लाल रंगाचा कण अजून अडकलेला होता. दोनशे चाळीसवर असता तर शुक्रवारचे दोनशे सत्तावन्न त्याने सोसले असते. "नेऊन बघते," एवढं कसंबसं म्हणाले आणि तो दोघांच्या हाताने गाडीत ठेवून निघाले.

सुट्टीच्या दिवशी मी एकटीने शटर उघडलं. फळीवर चाचांनी दुरुस्त करून ठेवलेले, गिऱ्हाइकांनी अजून न नेलेले अकरा नग होते. एकेक वळवून बघितला. ज्या ज्या नगाला असा स्विच होता तो दोनशे चाळीसवर होता, आणि वर लाल थेंब. दादांचा घरचा रेडिओ वरच्या फळीवर होता, तो काढला. त्यालाही तेच. सव्वीस वर्षं हा माणूस गावातल्या प्रत्येक मशीनला शुक्रवारपासून वाचवत होता, आणि त्याला ते कुणाला सांगावंसंही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून शेजाऱ्याचा मिक्सर उघडत होते. "बस," म्हणाले. मी सगळं सांगितलं. ते मिक्सरमधलं पातं पुसत ऐकत होते.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "थेंब खरवडलेला होता."

"मग त्याच वेळी बोलला का नाहीत?"

"मागलं बघ म्हणालो होतो." त्यांनी पातं खाली ठेवलं. "आणि त्या दोघांसमोर म्हणालो असतो, हे हिनं केलंय, तर तुझ्याकडे दुसऱ्या दिवशी कुणी टॉर्च तरी आणली असती काय? मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं की बघशील. संध्याकाळपर्यंत येशील. मी दाराकडे बघत बसलो होतो, वैजू. तीन आठवडे लागले तुला."

मी रडले. त्यांनी रडू दिलं, समजूत घातली नाही. मग मी म्हणाले, परत चला. चाचा म्हणाले, "ते राहू दे. तू जे बोललीस ते ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर परत घे. मला इथं घरात सांगून काय उपयोग? मी तर तेव्हाही मला चोर समजत नव्हतो."

आठवडाभर मी तिसऱ्यांदा तो अ‍ॅम्प्लिफायर उभा केला. माझेच ट्रान्झिस्टर, माझंच काम. स्विच दोनशे चाळीसवर ठेवला. थेंब लावला नाही. बाटली नव्हती, आणि असती तरी लावला नसता.

शुक्रवारी माडीवर चढताना माझं ठरलं होतं. दोष व्होल्टेजवर घालायचा. ते खोटंही नव्हतं. मी आत गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आण्णा, चाचांनी घातलेले ट्रान्झिस्टर चांगले होते. शुक्रवारच्या व्होल्टेजनं उडाले."

"म्हणजे कुणाचीच चूक नाही म्हण की," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली.

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. चाचांचं नाव मोकळं, माझंही शाबूत. माग बंद होते. एवढी शांतता होती की मला माझा श्वास ऐकू येत होता.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. मग थेंब सांगितला, स्विच सांगितला, मंगळवारचा मीटर सांगितला.

आण्णांनी हातातली रेकॉर्ड खाली ठेवली. "आणि तू आमच्यासमोर गौसला चोर ठरवलंस?"

"हो."

त्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड लावली नाही. "ठीक आहे," म्हणाले. "हा इथंच ठेव. मी गौसकडून बघून घेतो." मी जिना उतरले तेव्हा मागून कुणी ये म्हणालं नाही.

सातातली चार मंडळं त्या वर्षी चाचांकडे परत आली, उरलेली पुढच्या वर्षी. चाचा माझ्याकडे परत आले नाहीत. मी दोनदा विचारलं. "आता माझं मला जमलंय," म्हणाले, आणि घराच्या ओट्यावरच टेबल टाकलं. माझ्याकडे दोन महिने कावळासुद्धा फिरकला नाही. मी दुकान विकायचं बोलणं लावलं होतं. मग एके दिवशी डॉक्टर शेटे स्वतःचा टेपरेकॉर्डर घेऊन आले. त्यानंतर आणखी एक जण आला, मग आणखी. दिवाळीपर्यंत फळी भरली. मी मनाशी म्हणायचे, खरं बोलले त्याचं फळ मिळालं. त्या गोष्टीचा मला पुढे बरीच वर्षं अभिमान होता.

चाचांना जाऊन आता पंधरा वर्षं होतील. आण्णाही नाहीत. मागच्या महिन्यात आण्णांचा मुलगा तो अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. उडाला वगैरे नव्हता, आवाजाचं बटण फिरवताना खरखर करत होतं. तीस वर्षांत एवढीच तक्रार. मी सवयीने आधी मागची बाजू बघितली. दोनशे चाळीस. आणि त्यावर लाल थेंब, आता विटकरी पडलेला.

मी झाकण उघडलं. मला आत चाचांचं काम दिसेल असं वाटलं होतं. त्यांचे शिशाचे टाके बारीक, एकसारखे असायचे. आतले टाके जाडेभरडे होते, जास्तीचं शिसं ओतलेले. माझे. ट्रान्झिस्टरवरचे आकडे मी जुन्या डायरीशी ताडून बघितले. त्या तिसऱ्या वेळी मी घातलेलेच चार.

"चाचांनी ह्यात काहीच बदललं नाही?" मी विचारलं.

"नाही हो," मुलगा म्हणाला. "आण्णा नेहमी सांगायचे. त्या वर्षी गणपती, नवरात्र उरकल्यावर ते आणि डॉक्टर शेटे हा घेऊन गौसचाचांकडे गेले. म्हणाले, सगळं काढून नवीन घाल. चाचांनी उघडून बघितला, परत बंद केला, आणि खिशातून बाटली काढली. म्हणाले, पोरीनं चांगलं केलंय, कशाला काढायचं? आता ह्याला काय झालं तर नाव माझं."

मी बटण काढून साफ केलं, तेल दिलं, परत बसवलं. मुलाने मागची बाजू फडक्याने पुसायला घेतली. म्हणाला, हा लाल डाग पण काढून द्या की.

"तो राहू दे," मी म्हणाले, आणि फडकं त्याच्या हातातून घेतलं.